रोलरला लांब दांडा जोडताना

घर रंगवायला काढलं की दुकानातला सगळ्यात लांब पोल उचलायचा मोह होतो. बारा फुटी टेलिस्कोपिक घेतला की स्टुलावर चढाउतरायची कटकट संपली, असा हिशोब. मग छतावर पट्टे दिसतात, फरशीवर थेंब पडतात, खांदे भरून येतात आणि शिव्या खातो रंग. खरा दोष बहुतेक वेळा दोनच जागी असतो. रोलरची मूठ आणि पोल जिथे जोडलेत त्या दीड-दोन इंचांत, किंवा गरजेपेक्षा जास्त घेतलेल्या लांबीत. ब्रँड, किंमत, पोलचा रंग या गोष्टी नंतर.

आधी मूठ उलटी करून पाहा

रोलरच्या मुठीच्या बुडाशी काय आहे त्यावर जोडणी ठरते. आत आटे असतील तर आट्यांचा पोल लागतो. नुसती निमुळती पोकळी असेल तर दांडा आत ठोकून बसवायचा असतो. बूड बंद असेल, म्हणजे भरीव लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ असेल, तर ती पोलसाठी बनलेलीच नाही. तिला तारेने काठीला बांधण्यापेक्षा दुसरी फ्रेम, म्हणजे रोलरचा सळी-मुठीचा सांगाडा, आणलेली बरी. चौथा प्रकार खटक्याचा. पोलच्या टोकाला षटकोनी तुकडा असतो, तो मुठीत सरकवला की बटण बाहेर येऊन अडकतं. हा गोल फिरत नाही, त्यामुळे सैल होत नाही. मात्र फ्रेम आणि पोल दोन्ही त्याच पद्धतीचे लागतात.

आट्यांत एकच एक माप नाही, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. अमेरिका-कॅनडात रंगकामाच्या पोलला पाऊण इंच व्यास आणि इंचाला पाच आटे हे माप रुळलेलं आहे, ज्याला अ‍ॅक्मे आटे म्हणतात. माथ्याला सपाट, जाड आणि रुंद असे हे आटे रंग लागला, थोडा मार बसला तरी चालतात. युरोपात झाडूच्या दांड्याला असतात तसे वेगळे भरड आटे किंवा निमुळती मूठ जास्त दिसते. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानांत दोन्ही मिळतं, शिवाय स्वतःच्याच मापाचे आटे पाडणाऱ्या कंपन्याही आहेत. म्हणून पोल घ्यायला जाताना रोलर सोबत न्या आणि दुकानातच फिरवून पाहा. परदेशातून कुणी चांगली फ्रेम आणली असेल तर हे जास्तच लागू.

फिरवताना फेरे मोजा. इंचाला पाच आटे असतील तर एका फेऱ्याला पोल साधारण ५ मिलिमीटर आत जातो. चार ते पाच फेरे सहज जाऊन मग घट्ट झाला तर माप जुळलं. दीड फेऱ्यात अडला तर माप वेगळं आहे. जोर लावून आणखी एक फेरा नेलात तर मुठीतले प्लास्टिकचे आटे सोलून निघतील आणि त्या मुठीत योग्य पोलसुद्धा पुन्हा धरणार नाही. घरातल्या मॉपचा किंवा वायपरचा दांडा 'बसतो की' असं वाटतं ते असंच दीड फेऱ्याचं बसणं असतं. भरलेला रोलर छतावर गेला की तो मान टाकतो.

आटा तिरका चढू नये यासाठी साधी युक्ती आहे. पोल मुठीत ठेवून आधी उलटा, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध दिशेने, हळूच फिरवा. एका जागी 'टक्' करून किंचित खाली बसल्यासारखं जाणवतं. तिथे आट्याची तोंडं जुळलेली असतात. तिथून सरळ फिरवायला सुरुवात करा.

जोडून झाल्यावर पोल आडवा धरा आणि रोलर वरखाली हलवून पाहा. मूठ पोलवर खुळखुळत असेल तर तसंच काम सुरू करू नका. प्रत्येक वेळी रोलरची दिशा बदलली की तिथे एक हिसका बसतो. एका खोलीत असे शेकडो हिसके बसतात आणि खुळखुळ वाढत जाते. पोलच्या आट्यांवर मास्किंग टेपचा एक, फार तर दीड वेढा द्या, आट्यांच्या दिशेनेच, म्हणजे फिरवताना टेप गोळा होणार नाही. नळजोडणीची टेफ्लॉन टेप इथे वापरू नये. ती पोकळी भरते खरी, पण गुळगुळीत असल्याने जोड उलट लवकर सुटतो.

काम करता करता रोलर सैल होण्याचं कारण मात्र वेगळं. आटे उजवे असतात, आणि छताच्या कडेला पोहोचल्यावर बहुतेक जण पोल मनगटाने पिळून रोलर वळवतात. ते पिळणं डावीकडे झालं की दर वेळी जोड थोडा उघडतो. त्यामुळे रोलर वळवायचा तर पाय हलवून स्वतः वळा. तरीही सुटत असेल तर जोड घट्ट करून मुठीच्या बाजूने आरपार ३ मिलिमीटरचं भोक पाडा आणि त्यात छोटा स्क्रू घाला. मग तो सुटायचा नाही, पण ती मूठ त्या पोलची झाली, हे धरून चाला.

पोकळ मुठीत लाकडी दांडा

निमुळत्या पोकळीच्या रोलरसाठी लाकडी दांडा हाच स्वस्त आणि चांगला उपाय. पोकळीत काडी घालून खोली मोजा. साधारण तीन-चार इंच भरते. दांड्याचं टोक तेवढ्या लांबीत रंधा किंवा धारदार सुरीने निमुळतं करत जा, थोडं तासा, घालून पाहा, पुन्हा तासा. दांडा पोकळीच्या तळाला टेकण्याआधी बाजूंनी आवळला गेला पाहिजे. तळाला टेकला आणि बाजूंनी सैल राहिला तर तो कायम हलत राहणार. शेवटी कुदळीचा दांडा बसवतात तसं खालचं टोक जमिनीवर दोन-तीनदा आपटा. मूठ आपल्याच वजनाने खाली सरकून घट्ट होते. मुठीवर हातोडी मारू नका, प्लास्टिक उभं फाटतं.

मग बाजूने दोन स्क्रू, एकमेकांपासून इंचभर वरखाली आणि काटकोनात. आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडलंच पाहिजे, नाहीतर लाकूडही तडकतं आणि मूठही. स्क्रूचं डोकं बाहेर राहिलं तर हात कापतो, म्हणून ते पृष्ठभागाशी सपाट बसवा.

बांबू वापरायचा तर भरीव पाहून घ्या. कोकणातला माणगा बऱ्यापैकी भरीव असतो, सरळ मिळतो आणि इंच-सव्वा इंच जाडीत हाताला बसतो. पोकळ बांबूचं टोक पेरापासून लांब कापलं की स्क्रू घालताच चीर जाते. टोकाजवळ, आतल्या अर्ध्या-पाऊण इंचावर पेर राहील असं कापा. वरून एक होज क्लिप, म्हणजे रबरी नळीवर स्क्रूने आवळतात ती धातूची पट्टी, आवळली तर चीर गेलीच तर तिथेच थांबते. पेरांच्या गाठी तासून पॉलिश पेपर मारायला विसरू नका, कारण दिवसभर तळहात त्यावरूनच सरकणार आहे.

प्लास्टिकचा वायरिंगचा पाईप काही जण वापरतात. चार फुटांपर्यंत ठीक, पुढे तो इतका लवतो की रोलर कुठे टेकतोय ते हाताला कळतच नाही. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप लवत नाही, पण त्याचं स्वतःचंच वजन तासाभरात हात मोडतं.

ब्रशला दांडा

चुन्याच्या काळापासून कुंचा बांबूला सुतळीने बांधत आले आहेत. सुतळी कोरडी असताना बांधली आणि मग ओली झाली की आवळते, हे त्यातलं शहाणपण. ओल्या सुतळीने बांधाल तर वाळल्यावर गाठ ढिली पडेल. नायलॉनची दोरी ताणली जाते आणि गुळगुळीत मुठीवरून सरकते, ती नकोच.

आता दोन होज क्लिप हे काम चोख करतात. दांड्याच्या टोकाची एक बाजू चारेक इंच लांबीत सपाट तासा, ब्रशची मूठ त्या सपाटीवर टेकवा आणि दोन क्लिप एकमेकींपासून दोन-अडीच इंचांवर लावून पेचकसाने आवळा. एकच क्लिप लावली तर ब्रश तिच्याभोवती फिरतो. मूठ आणि दांडा यांच्यात सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला तर पकड अजून चांगली येते. ब्रश तिरका हवा असेल, उदाहरणार्थ माळ्याच्या किंवा कपाटाच्या माथ्यावरच्या पट्टीसाठी, तर वरच्या क्लिपखाली लाकडाची पाचर घाला. तयार होल्डर मिळतात, त्यांत दातेरी चकती आणि विंग नट असतो आणि कोन हवा तसा बदलता येतो. ते घेताना दाते धातूचे आहेत का ते बघा. प्लास्टिकचे दाते झिजले की ओला ब्रश हळूहळू खाली झुकतो, नेमका सरळ रेघ ओढताना.

इथे एक मत स्पष्ट सांगायला हवं. छत पांढरं आणि भिंत वेगळ्या रंगाची असेल तर कटिंग, म्हणजे दोन रंगांच्या सीमेवरची सरळ कड, लांब दांड्याच्या ब्रशने करू नये. हातापासून पाच फुटांवरच्या केसांवर ताबा राहत नाही, आणि एक मिलिमीटरची थरथरसुद्धा खालून दिसते. त्यासाठी घोडा (स्वतःच्या पायांवर उभी राहणारी दुहेरी शिडी) लावा, वर चढा, ब्रश बोटांत धरा. लांब ब्रश उपयोगी पडतो तो छत आणि भिंत एकाच रंगाची असेल तिथे, प्रायमरच्या हाताला, आणि पाईपांच्या मागे. चाकं असलेले कटिंग पॅड हा प्रकारही फार कामाचा नाही. चाकांना एकदा रंग लागला की ती छतावर समांतर दोन रेघा काढत जातात.

लांबी किती

राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर, म्हणजे साधारण नऊ फूट सांगितली आहे, आणि फ्लॅट बहुतेक त्याच्याच आसपास असतात. छत रंगवताना रोलर डोक्यावर नको, पुढे हवा. पोल जमिनीशी साधारण साठ अंशांत आणि खालचा हात कमरेशी. कमर सव्वातीन फुटांवर धरली तर वर पावणेसहा फूट उरतात. साठ अंशाच्या तिरकेपणात ते साडेसहा-पावणेसात फूट होतात. त्यातला फूटभर रोलरची फ्रेमच खाते. खालच्या हाताखाली थोडा दांडा उरायला हवा, तो धरून सहा फूट. दहा फुटी छताला सात, जुन्या वाड्याच्या बारा फुटी खोलीला नऊ. थोडक्यात, छताच्या उंचीतून तीन वजा करा. ही लांबी मध्यम उंचीच्या माणसासाठी. उंच माणसाला अर्धा फूट कमी चालतो.

भिंतीसाठी याहून आखूड लागतो. नऊ फुटी भिंत वरून खालपर्यंत चार फुटी दांड्याने एका जागी उभं राहून होते, कंबर वाकवावी लागत नाही. सहा फुटी पोलने भिंत करायला गेलं तर मागे सरकायला जागा लागते, आणि सामान मध्यभागी ढकललेल्या खोलीत ती नसते. म्हणून टेलिस्कोपिक घ्यायचा तर चार ते आठ फुटांचा घ्या. घरातल्या जवळपास प्रत्येक कामाला तो पुरतो. टॉयलेटच्या टाकीमागे, ग्रिलच्या आत, माळ्याच्या फटीत मात्र फूट-दीड फूट तारेचा दांडा असलेला चार इंची मिनी रोलरच जातो. तिथे मोठा पोल घुसवून काही होत नाही.

जास्तीची लांबी का नडते याला गणित आहे. एका टोकाला धरलेला दांडा दुसऱ्या टोकावरच्या वजनाने किती लवेल, हे लांबीच्या घनावर अवलंबून असतं. लांबी दुप्पट झाली की लवणं आठपट होतं. चार फुटांवर अर्धा सेंटिमीटर लवणारा पोल आठ फुटांवर चार सेंटिमीटर लवतो. हात पुढे ढकलला की आधी पोल वाकतो, मग रोलर उडी मारल्यासारखा हलतो, आणि त्या उडीच्या जागी रंगाचा जाड पट्टा उमटतो. टेलिस्कोपिकमध्ये आतली नळी बारीक असते, म्हणून टोकाकडचा भाग अजून जास्त लवतो. नळी पूर्ण बाहेर कधीच काढू नका, निदान फूटभर आत राहू द्या. बहुतेक पोलवर त्यासाठी खूण असते.

बाहेरच्या भिंतीला बारा-पंधरा फुटांच्या वर पोलने रंग लावण्याचा हट्ट धरू नये. तिथे रंग लागतो, पण किती जाड लागला ते कुणालाच सांगता येत नाही. ते काम परांचीचं किंवा झुल्याचं.

लॉक

पिळून घट्ट होणाऱ्या पोलमध्ये आतल्या नळीच्या टोकाला किंचित विषम केंद्राचा, म्हणजे मध्य एका बाजूला सरकलेला, प्लास्टिकचा तुकडा असतो. नळी फिरवली की तो बाजूला सरकून बाहेरच्या नळीला आतून रेटतो. पुट्टीची पूड किंवा तेल आत गेलं की तो घसरतो, आणि नळी नुसती गोल फिरत राहते. अशा वेळी आणखी जोराने पिळून उपयोग नाही. आतली नळी पूर्ण ओढून काढा, तुकडा कोरड्या फडक्याने पुसा, गुळगुळीत झाला असेल तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका खरवडा, हाताने फिरवून तो मोकळा सरकतो ना ते बघा आणि परत घाला. पिळताना पोल हाताने किंचित वाकवून धरला तर तुकडा लवकर पकडतो. तेल, ग्रीस, डब्ल्यूडी-४० यांतलं काहीही आत सोडू नका.

बाहेरून पट्टी दाबून आवळणारी क्लिप असेल तर तिच्या स्क्रूचा ताण अधूनमधून पाव फेरा वाढवावा लागतो. भोकांत बटण अडकणारा प्रकार सगळ्यात भरवशाचा, फक्त लांबी ठरावीक टप्प्यांतच मिळते. छताला पुट्टी घासायचा सॅण्डिंग पॅड पोलला लावणार असाल तर हाच घ्या, कारण घासताना येणारा जोर रोलरपेक्षा कितीतरी जास्त असतो.

फ्रेमही बघा

आखूड मुठीत चालून जाणारी फ्रेम लांब पोलवर उघडी पडते. सहा मिलिमीटर सळीची फ्रेम दाबाखाली पिळवटते, आणि रोलर एका कडेवर टेकू लागतो. नऊ इंची रोलरला आठ मिलिमीटरची सळी हवी. स्लीव्ह, म्हणजे रोलरची केसाळ नळी, ज्यावर चढते तो तारांचा पिंजरा पाच तारांचा असेल तर उत्तम. स्लीव्ह बाहेर सरकत असेल तर तारा हाताने थोड्या फाकवा किंवा पिंजऱ्यावर मास्किंग टेपचा एक वेढा द्या. छतासाठी दहा ते बारा मिलिमीटर केसांची स्लीव्ह पुरते. खडबडीत प्लास्टरला अठरा लागते, पण ती रंग जास्त पिते, म्हणजे टोकाला वजनही जास्त.

पोलवर रंग ओढताना

दाब खालच्या हाताने, दिशा वरच्या हाताने. दोन्ही हात जवळजवळ धरले की सगळा भार मनगटांवर येतो. निदान दीड-दोन फुटांचं अंतर ठेवा. रोलर बादलीतल्या जाळीवर चार-पाच वेळा फिरवून निथळा. पोलवरचा रोलर डोळ्यांपासून लांब असल्याने तो किती भरलाय हे चटकन दिसत नाही, आणि थेंब कपाळावर पडल्यावर कळतं. चष्मा आणि टोपी घालाच. रंग डब्यावर लिहिल्यापेक्षा जास्त पातळ केला किंवा रोलर भरभर ओढला की शिंतोडे उडतात.

रोलर सुकत चालला की माणूस नकळत पोल जास्त रेटतो. तिथेच पट्टे पडतात, कारण दाबाने कडेला रंगाची वरळ, म्हणजे जाड उठावाची रेघ, उठते. सळी ज्या बाजूला जोडलेली असते त्या कडेवर दाब जास्त पडतो. ती बाजू न रंगवलेल्या भागाकडे आणि मोकळी बाजू रंगवलेल्या भागाकडे ठेवा, म्हणजे उठलेली वरळ पुढच्या फेरीत आपोआप पसरून जाते. छताचे तीन बाय तीन फुटांचे भाग धरा, खिडकीकडून सुरू करून आत या, आणि प्रत्येक भागाचा शेवटचा हात न भरता, हलका, एकाच दिशेने मारा. मागची कड वाळण्याआधी तिच्यावर चढलं पाहिजे. म्हणून अशा वेळी पंखा बंदच ठेवा, एरवीही तो बंदच हवा.

पंख्याच्या नुसत्या बटणावर विसंबू नका. ओला रोलर आणि अ‍ॅल्युमिनियमचा पोल घेऊन पंख्याच्या छतालगतच्या कपाजवळ किंवा बल्बच्या उघड्या होल्डरजवळ जायचं तर त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे मुख्य बोर्डावरचा खटका, खाली पाडा. फायबरग्लासचा पोल कोरडा आणि स्वच्छ असेल तोवर वीज वाहू देत नाही. त्यावरून ओला रंग ओघळला की ती खात्री संपते. गच्चीत, बाल्कनीत किंवा बैठ्या घराच्या बाहेर विजेच्या तारा जवळून जात असतील तर कुठलाच लांब पोल उभा करू नका.

जिन्याची भिंत हा त्रासदायक प्रकार. वरच्या पायरीवरून खाली आणि खालच्या चौकातून वर असं दोन टप्प्यांत पोलने केलं तर शिडी लागत नाही. शिडीवर किंवा घोड्यावर उभं राहून लांब पोल चालवणं मात्र धोक्याचं. भिंतीवर दिलेला रेटा उलटा आपल्यालाच मागे ढकलतो, आणि पायाखाली जागा असते वीतभर. घोड्यावर दोन फुटांच्या वरचा दांडा घेऊ नये.

काम थांबवताना

टेलिस्कोपिकची नळी आत सारण्याआधी ओल्या फडक्याने पुसून मग कोरडी करा. आत वाळलेला रंग काढायला नंतर काही उपाय राहत नाही. रोलर पोलपासून रोज सोडवा. आट्यांत रंग वाळून जोड अडकलाच तर मूठ दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बुडवा आणि रबरी हातमोजे घालून फिरवा. पक्कड लावली तर प्लास्टिक चेपतं आणि मूठ अंडाकृती होऊन कायमची वाया जाते. धातूच्या आट्यांवर आधीच मेणबत्ती हलकी घासून ठेवली तर ही वेळ सहसा येत नाही.

जेवायला बसतानाही रोलर पिशवीत गुंडाळून पोल आडवा ठेवा. भिंतीला उभा टेकवला तर रोलरमधला रंग सळीवरून मुठीत आणि तिथून आट्यांत उतरतो.